'गेम अडकतो' या तक्रारीची पार्श्वभूमी

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे अधिकृत पाटीनुसार डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, दुरुस्तीला येणाऱ्या कन्सोलबरोबर (टीव्हीला जोडून गेम खेळायच्या यंत्राबरोबर) 'गेम अडकतो' ही तक्रार नित्याची आहे. या दोन शब्दांमागचे कारण मात्र यंत्राच्या पिढीगणिक बदलत गेले, आणि जुन्या पिढीचा उपाय नव्या यंत्रावर करत राहिल्यामुळेच एकदा गेलेले दुखणे बहुधा परत येते.

निन्टेन्डो कंपनीचे फॅमिकॉम हे कन्सोल १९८३ साली जपानमध्ये आले आणि पुढे त्याच्या नकला आपल्याकडे 'टीव्ही गेम' म्हणून पोहोचल्या. आत फीत नसूनही गेमला सगळे कॅसेटच म्हणत. या यंत्राला पडद्याच्या एका आडव्या रेषेवर आठच हलत्या आकृत्या दाखवता येत. त्याहून अधिक शत्रू एका रांगेत आले की काही लुकलुकत, आणि सेकंदाच्या साठाव्या भागात प्रोसेसरचा हिशेब उरकला नाही तर सारा खेळ मंदावे. ही यंत्राची मर्यादा होती, बिघाड नव्हे. तरीही मुले कॅसेट काढून तिच्यात फुंकर मारत. फायदा झालाच, तर तो कॅसेट पुन्हा नीट बसल्यामुळे. फुंकरीतल्या ओलाव्याने धातूचे संपर्क गंजण्याचीच भीती अधिक. शिवाय भारतातील पाल पद्धतीचा टीव्ही सेकंदाला ५० वेळा चित्र रेखाटत असे, जपान-अमेरिकेतला ६० वेळा. त्यामुळे तिकडच्या वेगाने बांधलेला गेम काही न बदलता पाल यंत्रावर लावला की साधारण एक षष्ठांश संथ चाले.

कॅसेटी गेल्या, डिस्क आल्या, आणि प्लेस्टेशन ३ पासून (२००६) सोनीने हार्ड डिस्क सोबतच दिली. या यंत्राची स्मृती २५६ मेगाबाइटच्या दोन वेगळ्या कप्प्यांत विभागलेली होती. २०११ मध्ये आलेला स्कायरिम हा गेम त्यावर सुरुवातीला बरा चाले. पण खेळाडूने जगात केलेले बदल नोंदवत सेव्ह फाइल (खेळाची प्रगती जपणारी फाइल) फुगत जाई, तसतसा गेम अडखळू लागे. कन्सोल बंद करून सुरू केला की थोडा वेळ आराम पडे, कारण स्मृती रिकामी होई; सेव्ह फाइल मात्र तीच असल्याने दोष पुन्हा हजर. गेमची डिस्क फडक्याने कितीही पुसली तरी इथे उपयोग नव्हता, गेमची दुरुस्तीच हवी होती.

प्लेस्टेशन ४ (२०१३) आल्यावर सेफ मोडमधला (कन्सोल मोजक्या सोयींसह सुरू करण्याच्या पद्धतीतला) 'रीबिल्ड डेटाबेस' हा पर्याय सर्वज्ञात झाला. त्याने हार्ड डिस्कवरच्या मजकुराची यादी नव्याने लागते, गेम पुसले जात नाहीत. मेनू रेंगाळत असेल तर तो करून पाहावा. पण तासाभराच्या खेळानंतर पंखा घोंघावू लागत असेल, तर संशय उष्णतेवर घ्यावा. मुंबईची दमट हवा, धूळ आणि टीव्हीच्या बंदिस्त कपाटात कोंबलेला कन्सोल हे त्रिकूट, त्यात वाळलेली थर्मल पेस्ट (चिपची उष्णता बाहेर नेण्यासाठी तिच्यावर लावलेला लेप), एवढ्यावर यंत्र तापायला वेळ लागत नाही.

तरीही सगळा दोष घरच्या यंत्राचा नसतो. डिसेंबर २०२० मध्ये आलेला सायबरपंक २०७७ हा गेम जुन्या कन्सोलवर इतका अडखळत होता की सोनीने आठवडाभरात तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढला आणि पैसे परत देऊ केले. जून २०२१ मध्ये तो परतला, तेव्हाही सोनीने स्पष्ट कळवले की प्लेस्टेशन ४ वर काही अडचणी येत राहतील, आणि चांगल्या अनुभवासाठी प्लेस्टेशन ४ प्रो किंवा ५ वापरावे.