पोळी एकच, प्रश्न दोन: नैतिक विकास आणि आस्थेचा विचार

मधली सुट्टी. चौथीतल्या एका मुलीकडे आज डबा नाही. पाण्याच्या बाटलीचं झाकण ती नुसतं उघडझाक करत बसलीय. शेजारचा मुलगा अर्धी पोळी तिच्यापुढे सरकवतो. का रे दिलीस? "नाही दिली तर बाई ओरडतील." मागच्या बाकावरचा म्हणतो, "वाटून खायचं ठरलंय ना आपलं!"

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ लॉरेन्स कोल्बर्गला रस होता तो या 'का'मध्ये. त्याच्या गोष्टीतल्या हाइन्झची बायको मरणाच्या दारात असते, औषधवाला खर्चाच्या दहापट किंमत सांगतो आणि हाइन्झ औषध चोरतो. मूल त्याला बरोबर म्हणो वा चूक, कारण काय देतं ते कोल्बर्ग ऐकायचा. त्यावरून त्याने सहा पायऱ्या मांडल्या. पहिली शिक्षेच्या भीतीची, शेवटची तत्त्वाची. वरचे दोघे दोन वेगळ्या पायऱ्यांवर आहेत. नैतिक विकास म्हणजे ही चढण, आणि तिला वर्षं लागतात.

केअरिंग थिंकिंग ही कल्पना मॅथ्यू लिपमनची. तत्त्वज्ञानाच्या या प्राध्यापकाने १९७४ साली न्यू जर्सीत माँटक्लेअरला मुलांच्या तत्त्वज्ञानासाठी संस्था काढली. चिकित्सक आणि सर्जनशील विचारांच्या पंक्तीला त्याने पुढे हा तिसरा बसवला. मराठीत 'काळजी' म्हटलं की जिवाला घोर लागतो, म्हणून मी आपलं 'आस्थेचा विचार' म्हणते. लिपमनच्या लेखी एखाद्या गोष्टीचं मोल जोखणं हेही विचार करणंच, आणि भावनेशिवाय ते जमत नाही. ती गोष्ट माणूसच असली पाहिजे असंही नाही. अंगणातलं झाड, सुबक सोडवलेलं गणित, वर्गमित्राचं अर्धवट मांडलेलं मत, काहीही चालेल. नीतीचा तिथे संबंध येईलच असं नाही.

नैतिक विकास आणि आस्थेचा विचार यांत गोंधळ होतो तो बराचसा मानसशास्त्रज्ञ कॅरोल गिलिगनमुळे. कोल्बर्गने मूळ अभ्यास फक्त मुलग्यांचा केला, हे तिने १९८२ मध्ये दाखवून दिलं आणि नात्यांतली काळजी हाही नीतीचा पाया मानला. पण तिचा वाद नीतीपुरता होता.

फळ्यावर 'वाटून खा' असा सुविचार लिहिणं मात्र या दोन्हींत बसत नाही. तिथे उत्तर आधीच लिहिलेलं असतं.

वर्गातली तिसरी मुलगी पोळी देत नाही. "सगळ्यांसमोर दिली तर तिला कसं वाटेल?" असं कुजबुजत ती जवळ जाऊन बसते आणि विचारते. भूक नव्हतीच. डबा रिक्षात राहिला होता, आणि तो आईचा होता.