इको सुधारला म्हणून गोळ्या बंद?

रोजची पाखाडी चढताना मध्येच थांबावं लागतं, रात्री उताणं झोपलं की घुसमटतं, उशीला उशी लावावी लागते, संध्याकाळी घोट्याजवळ बोट दाबलं तर खड्डा राहतो. चाळिशीतल्या माणसाला असं होत असेल तर ते थकव्यावर ढकलू नये. यामागे डायलेटेड कार्डिओमायोपथी असू शकते. या आजारात हृदयाचा डावा खालचा कप्पा फुगतो आणि त्याच्या स्नायूची आकुंचनाची ताकद कमी होते. ठोक्याला कप्प्यातलं किती टक्के रक्त बाहेर जातं ते इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, ‘ईएफ’ म्हणून लिहितात. निरोगी हृदयात तो 55 ते 70 असतो, या रुग्णांत बऱ्याचदा 40 च्याही खाली जातो. रक्तवाहिन्यांतले अडथळे हे कारण नाही ना, हे आधी पाहावं लागतं. त्यासाठीच अँजिओग्राफी सुचवतात.

कारणं अनेक: टायटिनसारख्या जनुकातले दोष, विषाणूसंसर्ग, वर्षानुवर्षांची दारू, डॉक्सोरुबिसिन हे कॅन्सरचं औषध, बाळंतपणाच्या आगेमागे येणारा प्रकार. काहींत कारण सापडतच नाही.

हृदय कमी पडलं की शरीर ॲड्रेनॅलिन वाढवतं आणि मूत्रपिंडं मीठ-पाणी धरून ठेवतात. थोडे दिवस त्याने निभावतं, मग तोच सततचा रेटा स्नायूला झिजवतो. 1975 मध्ये स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या वागस्टाइन आणि सहकाऱ्यांनी अशा 7 रुग्णांना ॲड्रेनॅलिनचा रेटा रोखणारं बीटा-ब्लॉकर दिलं. अशक्त हृदयाला हे औषध देऊच नये, असं तेव्हा शिकवलं जाई. रुग्ण सुधारले, तरी वैद्यकाला ते पटायला नव्वदच्या दशकातल्या मोठ्या चाचण्या व्हाव्या लागल्या. आज कार्व्हेडिलॉल हे बीटा-ब्लॉकर सहसा 3.125 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा असं सुरू करून, झेपेल तसं साधारण दोन-दोन आठवड्यांनी दुप्पट करतात. पहिल्या काही आठवड्यांत गळून गेल्यासारखं वाटतं आणि बरेच जण नेमकी तिथेच गोळी सोडतात. हे डॉक्टरांना सांगा, डोस बदलता येतो.

दुसरी चूक बरं वाटल्यावर होते. लंडनमधल्या ‘ट्रेड-एचएफ’ या 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत 51 रुग्ण होते. सगळ्यांचा ईएफ 50 च्या वर आलेला, कुणालाच त्रास नाही. निम्म्यांच्या गोळ्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू बंद केल्या. सहा महिन्यांत त्यांतल्या 44 टक्क्यांचा आजार परत आला. गोळ्या चालू असलेल्यांत एकाचाही नाही. म्हणजे इकोचा चांगला आकडा बहुतेकदा गोळ्यांनी धरून ठेवलेला असतो.

आता कोकणातल्या स्वयंपाकघराकडे येऊ. दिवसाचं एकूण मीठ 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा एक सपाट चमचाभर. खारवलेला बांगडा, खारातल्या कैऱ्या, मिरगुंडं आणि सोलकढीतलं आगळ यांत ते सहज ओलांडलं जातं. खारी मासळी दोनदा पाण्यातून काढली तरी सगळं मीठ निघत नाही. ‘लो सोडियम’ मीठ हा उपाय समजू नका, कारण त्यात पोटॅशियम असतं. शहाळ्यातही भरपूर असतं. स्पायरोनोलॅक्टोन आणि रॅमिप्रिल या याच आजारातल्या गोळ्या चालू असताना पोटॅशियम आधीच वाढू पाहतं, आणि ते फार वाढलं तर हृदयाची लय बिघडते. म्हणून या गोळ्या सुरू केल्यावर रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचं काम दाखवणारं) आणि पोटॅशियम तपासणं टाळू नये. लावणीच्या दिवसांत कंबरेसाठी दुकानातून आणलेली डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेनही घातक: ती मीठ-पाणी साठवते आणि मूत्रपिंडांवर ताण आणते. जुलाब-उलट्या झाल्या तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. काही गोळ्या तात्पुरत्या थांबवाव्या लागतात, पण कोणत्या, ते त्यांनीच सांगायचं.

वजन रोज सकाळी, लघवी करून, चहाच्या आधी. तीन दिवसांत 2 किलोपेक्षा जास्त वाढलं तर ते पाणीच समजा आणि सूज दिसायची वाट न बघता कळवा.

डॅपाग्लिफ्लोझिन हे मूळचं मधुमेहाचं औषध 2019 च्या चाचणीनंतर या उपचारात आलं, मधुमेह नसलेल्यांसाठीही. जनुकउपचार अजून संशोधनाच्या टप्प्यावर आहेत. मात्र जनुकतपासणी आजच उपयोगी पडते: लॅमिन जनुकात दोष निघाला, तर ईएफ फार घसरलेला नसतानाही जीवघेणी लय उद्भवू शकते आणि डिफिब्रिलेटर, म्हणजे झटका देऊन लय पूर्ववत करणारं यंत्र, बसवण्याचा विचार लवकर करावा लागतो. रुग्णाच्या सख्ख्या भावंडांचा आणि मुलांचा ईसीजी, इको व्हायलाच हवा. गणपतीला मुंबईचे चाकरमानी घरी आले की हा विषय काढा. आज इको चांगला निघाला तरी काही वर्षांनी तो पुन्हा करावा लागतो, कारण जनुकातला दोष पन्नाशीतही डोकं वर काढू शकतो.