ऱ्हासजन्य चेताविकारांतील तिरळेपणाची शस्त्रक्रिया

कंपवात, लहान मेंदूचे आनुवंशिक ऱ्हासविकार यांसारख्या, वर्षानुवर्षे हळूहळू वाढत जाणाऱ्या आजारांत दोन्ही डोळे एका रेषेत राहीनासे होतात आणि रुग्णाला एकाचे दोन दिसू लागते. हे दुहेरी दिसणे घालवण्यासाठी किंवा सुसह्य करण्यासाठी डोळा फिरवणाऱ्या स्नायूंवर ही शस्त्रक्रिया केली जाते. मूळ आजारावर तिचा काहीच परिणाम होत नाही.

लहानपणी डोळा तिरळा झाला तर मेंदू त्या डोळ्याचे चित्र दाबून टाकायला शिकतो, म्हणून मुलाला सहसा दोन दिसत नाही. साठीच्या माणसाच्या मेंदूला ही युक्ती साधत नाही. त्याचा डोळा बघणाऱ्याला जेमतेम तिरळा वाटत असेल, पण त्याला मात्र जिन्याच्या पायऱ्या दोन दिसतात. म्हणूनच या शस्त्रक्रियेला सौंदर्याची शस्त्रक्रिया समजणे चूक आहे.

प्रत्येक डोळ्याला सहा स्नायू असतात आणि मेंदूतून निघणाऱ्या तिसऱ्या, चौथ्या व सहाव्या चेता ते हलवतात. या आजारांत स्नायू बहुधा धडधाकट असतात. दोन्ही डोळ्यांचा मेळ घालणारी मस्तिष्कस्तंभातील (मेंदू व मज्जारज्जू जोडणाऱ्या भागातील) आणि लहान मेंदूतील केंद्रे मात्र झिजत जातात. म्हणजे बिघाड मेंदूत आणि दुरुस्ती डोळ्यापाशी, असा हा व्यवहार आहे. शस्त्रक्रियेच्या मर्यादा त्यातूनच येतात.

जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये वर्णन केलेल्या कंपवातात जवळचे पाहताना डोळे आत वळवण्याची शक्ती कमी होते. लांबचे ठीक दिसते, पण वाचताना ओळी एकमेकींवर चढतात. लेव्होडोपा या कंपवातावरील औषधाचा असर असताना आणि तो उतरल्यावर तिरळेपणाचे माप वेगवेगळे भरू शकते, त्यामुळे तपासणी कोणत्या वेळी केली याची नोंद ठेवावी लागते. लहान मेंदूच्या विकारांत बहुधा याच्या उलट घडते. डोळे आत वळतात आणि लांबचे दुहेरी दिसते; टीव्हीवर दोन बातमीदार, रस्त्यावर दोन बस. कधी एक डोळा वर आणि दुसरा खाली असाही फरक पडतो, तर कधी बुबुळे सतत थरथरतात.

या विकारांच्या इतिहासात मुंबईचे एक पान आहे. मेंदूविकारतज्ज्ञ नोशीर वाडिया आणि आर. के. स्वामी यांनी १९७१ मध्ये नऊ कुटुंबांतील अशा आनुवंशिक ऱ्हासाचे वर्णन केले, ज्यात डोळ्यांची हालचाल विलक्षण मंद होती. एका वस्तूवरून दुसरीवर नजर झेप घेण्याऐवजी सरपटत जाई. हा आजार आज प्रामुख्याने ‘एससीए-२’ (स्पायनोसेरेबेलर अटॅक्सिया-२) या लहान मेंदूच्या आनुवंशिक विकाराच्या प्रकारात मोडतो. ही मंद गती शस्त्रक्रियेने सुधारत नाही. स्नायू हलवून डोळ्याची स्थिती बदलता येते, त्याचा वेग नाही.

दुहेरी दिसते म्हणणाऱ्या प्रत्येकाचा डोळा तिरळा नसतो. एक डोळा झाकूनही दोन दिसत असेल तर दोष मोतीबिंदूचा किंवा कोरड्या डोळ्याचा असण्याची शक्यता अधिक. कंपवातात पापण्या कमी मिटत असल्याने कोरडेपणा सर्रास आढळतो. शिवाय या आजारात नसलेली माणसे किंवा वस्तू दिसण्याचे भासही होतात. ती तक्रार दुहेरी दिसण्यापासून निराळी काढावी लागते.

शस्त्रक्रियेआधी सोपे उपाय करून पाहतात. चष्म्यात प्रिझम, म्हणजे प्रकाश वळवून दोन चित्रे जुळवणारी काच, बसवतात, किंवा काचेवर चिकटवायचे पातळ प्रिझम देतात, जे माप बदलले की बदलता येते. फरक मोठा असेल किंवा दिवसभरात बदलत असेल, तर प्रिझम पुरत नाही. स्नायू तात्पुरता सैल करणारे बोटुलिनम इंजेक्शन हा आणखी एक पर्याय आहे. नेत्रतज्ज्ञ ॲलन स्कॉट यांनी ते मुळात तिरळेपणासाठीच विकसित केले आणि अमेरिकेत १९८९ मध्ये त्याला मान्यता मिळाली. सुरकुत्यांसाठीची त्याची कीर्ती नंतरची.

तिरळेपणाची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया योहान डिफेनबाख यांनी १८३९ मध्ये बर्लिनला केली, तीही भुलीचा शोध लागण्यापूर्वी. आज स्नायू श्वेतपटलावरून, म्हणजे डोळ्याच्या पांढऱ्या आवरणावरून, सोडवून काही मिलिमीटर मागे शिवतात, म्हणजे त्याची ओढ कमी होते. किंवा त्याचा थोडा भाग कापून तो आखूड करतात, म्हणजे ओढ वाढते. डोळा बाहेर काढून ठेवतात ही समजूत निराधार आहे. आत वळलेल्या डोळ्यात आतला स्नायू मागे घेतात किंवा बाहेरचा आखूड करतात. कंपवातातील वाचनाच्या अडचणीसाठी आतला स्नायू आखूड करता येतो, पण मग लांबचे दुहेरी दिसू लागण्याची भीती असते. सुटी गाठ ठेवून, रुग्ण जागा झाल्यावर ‘आता एक दिसते का’ विचारत टाका घट्ट-सैल करण्याची पद्धत इथे विशेष उपयोगी पडते. अर्थात त्यासाठी रुग्णाला नीट उत्तर देता यायला हवे.

खरा पेच वेळेचा आहे. एरवी तिरळेपणाचे माप साधारण सहा महिने स्थिर राहिल्यावरच शस्त्रक्रिया करावी, असा दंडक आहे. वाढत्या आजारात तसे स्थैर्य कधीच येणार नाही म्हणून शस्त्रक्रिया नाकारणे, हे दंडकाचा अर्थ न समजण्यासारखे आहे. बदलाचा वेग मंद असेल, तर समोर पाहताना आणि वाचताना काही वर्षे एक दिसणे हे पुरेसे उद्दिष्ट ठरते. बाजूला पाहताना दोन दिसत राहील आणि पुढेमागे पुन्हा प्रिझम किंवा दुसरी शस्त्रक्रिया लागेल, हे रुग्णाला व घरच्यांना आधीच सांगतात.

भूल देतानाही काळजी लागते. लेव्होडोपाची वेळ चुकवायची नसते. उलटीसाठी मेटोक्लोप्रामाइड टाळतात, कारण ते कंपवातात आधीच कमी पडणाऱ्या, मेंदूतील डोपामिन या रसायनाच्या कामात अडथळा आणते. स्नायू ओढला की नाडी एकदम मंदावू शकते. मान किंवा डोके थरथरत असेल तर केवळ डोळ्यापुरती भूल देऊन काम करणे अवघड जाते.

प्रोग्रेसिव्ह सुप्रान्यूक्लिअर पाल्सी या १९६४ मध्ये वर्णन झालेल्या आजारात नजर वर-खाली, बहुधा आधी खाली, वळेनाशी होते. ताटातले दिसत नाही, अन्न अंगावर सांडते, माणूस वारंवार पडतो. तिथे शस्त्रक्रियेचा वाव थोडाच आहे. बायफोकल (वर लांबचा आणि खाली जवळचा भाग असलेला) चष्मा काढून वाचनाचा वेगळा चष्मा देणे, ताट उंचावर ठेवणे आणि दुहेरी दिसणे असह्य झाल्यास चष्म्याच्या एका काचेला अपारदर्शक पट्टी लावणे, एवढ्यावरच बहुतेकांचे भागवतात.