२६/११ वरची पुस्तकं आणि डॉक्युमेंटरी

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईवर हल्ला झाला, १० अतिरेकी होते, १६६ जणांचा जीव गेला. त्यावर नंतर बरंच लिहिलं गेलं, दाखवलं गेलं, पण बहुतेकांचं लक्ष ताज हॉटेलवरच. ठाणे, कळवा, वाशी, पनवेलहून रोज सीएसटीला उतरणाऱ्या माणसाला हे खटकतंच, कारण एकट्या स्टेशनवर पन्नासहून जास्त माणसं गेली, ताजपेक्षा जास्त, आणि त्यात गावाकडच्या गाडीची वाट बघत सामान घेऊन बसलेली कुटुंबं होती. ज्या बोरीबंदरहून १८५३ ला पहिली गाडी ठाण्याला आली तीच ही जागा.

डॉक्युमेंटरीत सगळ्यात अस्वस्थ करणारी म्हणजे डॅन रीडची 'टेरर इन मुंबई' (२००९). पाकिस्तानात बसलेले सूत्रधार आणि अतिरेकी यांचे टॅप केलेले फोन यात ऐकू येतात. ताजमधला एकजण तिथले मोठमोठे कॉम्प्युटर बघून हरखून सांगत असतो आणि पलीकडचा शांतपणे विचारतो, अजून आग का नाही लावली. त्या आवाजातला थंडपणा ऐकला की मग कुठला सिनेमा बघायची गरज वाटत नाही.

पुस्तकांत 'द सीज' (२०१३) ताजबद्दल, 'ब्लॅक टोर्नेडो' (२०१४) एनएसजी कमांडोंच्या कारवाईबद्दल, दोन्ही नीट अभ्यास करून लिहिलेली. पण मराठी घरांत जास्त बोललं गेलं ते विनिता कामटेंच्या 'टू द लास्ट बुलेट'वर (२००९). करकरे, त्यांचे पती अशोक कामटे आणि साळसकर हे पोलीस अधिकारी कामा हॉस्पिटलजवळच्या गल्लीत पडले तेव्हा मदत वेळेवर का नाही आली हे शोधायला त्यांनी माहिती अधिकारात पोलीस कंट्रोल रूमच्या वायरलेस संभाषणाच्या नोंदी मिळवल्या, म्हणजे नवरा गमावलेल्या बाईला ते कागद मागून मागून घ्यावे लागले, हे वाचताना राग येतोच. त्या रात्री कंट्रोल रूम सांभाळणाऱ्या राकेश मारियांची बाजू पुढे २०२० मध्ये त्यांच्या 'लेट मी से इट नाऊ'मध्ये आली, त्यामुळे ही दोन्ही एकामागोमाग वाचावीत.

स्टेशनची गोष्ट मात्र तुकड्यातुकड्यातच मिळते. अनाउन्सर विष्णू झेंडे केबिनमधून माइकवर लोकांना मागच्या बाजूने बाहेर पडा म्हणून सांगत राहिले, लोकलने येणारे कितीतरी त्यामुळे वाचले, हे मुलाखतींत आणि बातम्यांत सापडतं. स्टेशनच्या हॉलमधल्या प्रवाशांना मध्ये ठेवून लिहिलेलं पुस्तक खरंतर आधी यायला हवं होतं.