फेनेस्ट्रेटेड आणि ब्रांच्ड स्टेंट-ग्राफ्ट

पोट न उघडता, जांघेतल्या धमनीतून ग्राफ्ट, म्हणजे धातूच्या जाळीचा आधार असलेली कापडी नळी, आत न्यायचा आणि महाधमनीच्या (हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीच्या) फुगलेल्या भागात आतून बसवायचा, पण तो बसवताना मूत्रपिंड, आतडी, यकृत यांना जाणाऱ्या फांद्या बंद होऊ द्यायच्या नाहीत, अशी ही उपचारपद्धत. पोटातली महाधमनी साधारण 2 सेंमी रुंद असते, 3 च्या वर गेली की अ‍ॅन्युरिझम म्हणतात आणि पुरुषांत 5.5, बायकांत 5 सेंमीच्या आसपास ऑपरेशनचा विचार सुरू होतो. साध्या केसमध्ये फुगवटा मूत्रपिंडाच्या धमन्यांच्या बराच खाली सुरू होतो, त्यामुळे ग्राफ्टला वर धरायला निरोगी भाग मिळतो, तो निदान 10 ते 15 मिमी तरी लागतो. तेवढा नसेल, किंवा फुगवटा या फांद्यांना कवेत घेऊन थेट छातीपर्यंत गेला असेल, तर ती केस कॉम्प्लेक्स. छाती-पोट दोन्हीत पसरलेल्या अ‍ॅन्युरिझमसाठी अमेरिकन सर्जन स्टॅनली क्रॉफर्ड यांचे चार प्रकार वापरतात, पाचवा नंतर हाजिम साफी यांनी जोडला.

सुरुवात कोणी केली यावर मतभेद आहेत. पोट उघडून फुगवटा काढून तिथे दुसरी धमनी जोडायचं ऑपरेशन शार्ल द्युबोस्त यांनी 1951 मध्ये पॅरिसला केलं, त्यावर फारसा वाद नाही. आतून ग्राफ्ट बसवायचं श्रेय मात्र बरीच वर्षं ब्यूनोस आयर्सच्या हुआन पारोदी यांनाच दिलं गेलं, कारण त्यांची सप्टेंबर 1990 ची केस 1991 मध्ये इंग्रजीत छापून आली आणि सगळ्यांनी वाचली. पण युक्रेनमधल्या खारकिवचे निकोलाय व्होलोडोस यांनी 1985 च्या सुमारास कंबरेच्या धमनीत आणि 1987 मध्ये छातीतल्या महाधमनीत आपला ग्राफ्ट बसवला होता, ते लेख रशियनमध्ये असल्याने पश्चिमेकडे फार उशिरा पोचले. तारखांच्या क्रमाने व्होलोडोस आधी आणि पोटातल्या अ‍ॅन्युरिझमपुरते पारोदी पहिले, असं मानणं आम्हाला जास्त योग्य वाटतं. ग्राफ्टला खिडक्या, म्हणजे फेनेस्ट्रेशन, ठेवायच्या कल्पनेचंही तसंच. 1996 मध्ये कोरियातल्या पार्क आणि सहकाऱ्यांनी माणसांवरचा पहिला अनुभव छापला, पण रोज वापरता येईल असं डिझाइन तयार झालं ते ऑस्ट्रेलियात, पर्थचे लॉरेन्स-ब्राउन आणि हार्टली यांच्या हातून, आणि अँडरसन यांच्या गटाने 2001 मध्ये मूत्रपिंड व आतड्याच्या धमन्या राखून केलेल्या केसेस मांडल्या. फांद्यांचा, म्हणजे ब्रांच्ड ग्राफ्ट टिमोथी च्यूटर यांनी सॅन फ्रान्सिस्कोत पुढे नेला, त्यांचा लेखही 2001 चाच. औषधं आणि उपकरणं तपासणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएने झेनिथ फेनेस्ट्रेटेड या ग्राफ्टला 2012 मध्ये मान्यता दिली.

काम असं चालतं. सीटी अँजिओचे (डाय देऊन रक्तवाहिन्या दाखवणाऱ्या सीटीचे) साधारण 1 मिमीचे बारीक काप घेऊन प्रत्येक फांदीची उंची आणि घड्याळाच्या काट्यावरची जागा मोजतात, आतड्याची मुख्य धमनी साधारण 12 वाजता, डावं मूत्रपिंड 3 च्या आसपास. त्या मापाने कारखान्यात पॉलिस्टरच्या कापडात खिडक्या ठेवतात, त्यांच्या कडेला निटिनॉल या लवचिक धातूची रिंग आणि एक्सरेत दिसतील असे सोन्याचे ठिपके लावतात, आणि शिंप्याकडे कोट शिवायला टाकावा तसं हे काम काही आठवडे, कधी दोन महिन्यांच्या पुढेही चालतं. ग्राफ्ट आत आधी अर्धवटच उघडतात, मागे बांधलेले धागे त्याला थोडा आवळून धरतात म्हणून तो फिरवून जागेवर आणता येतो, मग प्रत्येक खिडकीतून त्या त्या फांदीत छोटा झाकलेला स्टेंट (अस्तर लावलेली जाळीची नळी) सरकवला की जोड घट्ट होतो. फांद्यांच्या ठिकाणी महाधमनी जास्तच रुंद असेल तर खिडकी भिंतीला टेकत नाही, तिथे कापडाच्या छोट्या नळ्या असलेला ब्रांच्ड ग्राफ्ट लागतो आणि बऱ्याचदा हाताकडूनही वायर आणावी लागते. घाईच्या केससाठी चार नळ्यांचे तयार ग्राफ्ट मिळतात, पण ते सगळ्यांच्या रचनेत बसत नाहीत. सगळ्यात मोठी भीती पाय लुळे पडण्याची, कारण लांब भाग झाकला की मणक्याच्या मज्जारज्जूला रक्त कमी पडू शकतं, म्हणून मोठं काम टप्प्याटप्प्याने करतात, बीपी खाली जाऊ देत नाहीत आणि गरज पडली तर पाठीतून मज्जारज्जूभोवतीचं पाणी काढायची नळी ठेवतात.

आता हे कोकणातल्या माणसाला कसं लागू पडतं ते. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेत आधीपेक्षा घटलेली दिसली, तरुण मंडळी मुंबईला आणि गावच्या घरात म्हातारी माणसं. हा रोग 65 च्या पुढच्या, विडी-सिगरेट ओढलेल्या पुरुषांत जास्त, आणि बहुतेक वेळा दुखत खुपत नाही, दुसऱ्याच कारणासाठी सोनोग्राफी केली की सापडतो. ब्रिटनमध्ये 65 वर्षांच्या पुरुषांना एकदा सोनोग्राफीला बोलावतात. आपल्याकडे असा सरकारी कार्यक्रम नाही, तेव्हा चिपळूण, कणकवली, अलिबाग कुठेही मूतखड्यासाठी सोनोग्राफी झाली तर महाधमनीचं माप रिपोर्टवर लिहून मागणं अगदी रास्त आहे. मूतखड्याचा मुद्दाम उल्लेख अशासाठी की फुटायला आलेल्या अ‍ॅन्युरिझमची पाठीतली, कुशीतली कळ तशीच वाटते आणि म्हाताऱ्या माणसाला इंजेक्शन देऊन घरी पाठवलं जाऊ शकतं, हे अतिशय धोक्याचं आहे.

या कामाला ऑपरेशन थिएटरमध्येच उत्तम एक्सरे यंत्र असलेली हायब्रिड खोली, भूलतज्ञ, आयसीयू असं सगळं लागतं, त्यामुळे पेशंट सहसा मुंबई-पुण्याकडे जातो, दक्षिण सिंधुदुर्गातली माणसं गोव्यातल्या बांबोळीच्या मेडिकल कॉलेजकडेही बघतात. सावंतवाडीहून मुंबई साधारण 500 किमी, पावसात आंबा किंवा करूळ घाटात दरड आली की कोल्हापूरचा रस्ताही अडतो. ठरवून केलेल्या ऑपरेशनला हे अंतर चालतं, कोकण रेल्वेने रात्रीत जाता येतं. फुटलेल्याला चालत नाही, आणि मापाचा ग्राफ्ट तर तेव्हा मिळतच नाही. म्हणून 4 सेंमीचा फुगवटा सापडला की तेव्हाच एकदा मोठ्या सेंटरला दाखवून फाइल तयार ठेवावी, 5 होईपर्यंत थांबू नये.

खर्च मुख्यतः ग्राफ्टचा, तो बाहेरून येतो. ऑपरेशननंतर दरवर्षी सीटी किंवा डॉपलर लागतं, कारण जोडातून रक्त झिरपू शकतं किंवा एखादा छोटा स्टेंट बंद पडू शकतो. सीटीच्या डायने मूत्रपिंडावर ताण येतो, म्हणून आधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) बघतात, ती तपासणी तालुक्याच्या लॅबमध्येही होते. बीपीची गोळी चालू आणि तंबाखू बंद, दोन्ही कायमचं.