मुलगा, कुत्रा आणि परकायाप्रवेश : एका कथाबीजाची पार्श्वभूमी

उन्हाळ्याच्या सुट्टीत ठाण्यात आणि नवी मुंबईत बालनाट्य शिबिरे भरतात. तेथे मुलांना स्वतःची गोष्ट रचायला सांगितली की एक कल्पना हमखास पुढे येते : सकाळी जाग येऊन पाहावे तो आपण घरातला कुत्रा झालेलो, आणि कुत्रा आपला गणवेश चढवून शाळेच्या बसची वाट पाहत उभा. मुलांनी हे परदेशी चित्रपटांतून उचलले, असे मोठी माणसे सहज म्हणून टाकतात. ते फार तर अर्धे खरे आहे. ठाण्यात १८९३ सालापासून मराठी ग्रंथ संग्रहालय आहे; अशा ग्रंथालयाच्या जुन्या कपाटांत या कल्पनेची पाळेमुळे शोधता येतात, आणि ती परदेशापेक्षा पैठणच्या जवळ निघतात.

आपल्याकडे या विद्येला परकायाप्रवेश म्हणतात. पतंजलीच्या योगसूत्रांतील विभूतिपादात तिचा उल्लेख आहे : चित्ताला शरीराशी बांधणारी कारणे सैल झाली आणि चित्ताच्या संचाराच्या वाटा कळल्या, की योग्याला दुसऱ्याच्या शरीरात शिरता येते. भाष्यकार व्यासांनी दिलेला दाखला मोठा बोलका आहे. मधमाश्यांचा राजा उडाला की साऱ्या माश्या त्याच्यामागे उडतात आणि तो बसेल तेथे बसतात, तशी इंद्रिये चित्तामागोमाग नव्या देहात जाऊन बसतात. पण यात अदलाबदल नाही. योगी जातो, त्याचा देह मागे रिकामा पडतो आणि ज्या देहात तो शिरतो तोही बहुधा मेलेलाच असतो. मुलांच्या गोष्टीत दोन्ही घरे भरलेली असतात. हा फरक वाटतो तेवढा लहान नाही.

रिकाम्या देहाचे काय होते, याची काळजी जुन्या कथांनी फार केली. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने लिहिलेल्या कथासरित्सागरात इंद्रदत्त हा ब्राह्मण नुकत्याच वारलेल्या नंद राजाच्या देहात शिरतो आणि त्याचा मित्र व्याडी एका ओसाड देवळात त्याचे मूळ शरीर राखत बसतो. शकटाल मंत्र्याला संशय येतो. तो राज्यातली सगळी प्रेते शोधून जाळण्याचा हुकूम सोडतो आणि इंद्रदत्ताच्या परतीची वाट कायमची बंद होते. या ग्रंथाचे मूळ म्हणजे गुणाढ्याची ‘पैशाची’ या प्राकृत भाषेतली बृहत्कथा. गुणाढ्य हा प्रतिष्ठानच्या, म्हणजे आपल्या पैठणच्या, सातवाहन राजाच्या पदरी होता असे परंपरा सांगते. राजाने ग्रंथ झिडकारला तेव्हा त्याने अरण्यात एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवून अग्नीत टाकले, आणि ते ऐकता ऐकता जनावरे चरायचे विसरली. कथेच्या या मोठ्या परंपरेचे पहिले मनापासूनचे श्रोते जनावरे होती, हे इथे सांगितल्यावाचून राहवत नाही.

खरीखुरी अदलाबदल सापडते ती एका प्रहसनात. सातव्या शतकाच्या सुमाराचे मानले जाणारे भगवदज्जुकम् हे संस्कृत प्रहसन कोणी बोधायनाच्या नावावर सांगतात, कोणी पल्लव राजा महेंद्रवर्म्याच्या. त्यात यमदूत नावाच्या घोटाळ्यामुळे भलत्याच वसंतसेनेचे प्राण नेतो. शिष्याला योगाचे सामर्थ्य दाखवावे म्हणून संन्यासी गुरू त्या गणिकेच्या देहात शिरतो. चूक सुधारायला परत आलेल्या यमदूताला तिचा देह भरलेला दिसतो, तेव्हा तो तिचे प्राण संन्याशाच्या देहात घालून मोकळा होतो. मग गणिकेच्या मुखातून अध्यात्म आणि संन्याशाच्या मुखातून शृंगार सुरू होतो. दोन्ही देह भरले की कथा करुण न राहता विनोदी होते, हे त्या नाटककाराने तेव्हाच ओळखले होते. मुलांच्या गोष्टीतला हशा त्याच जागेवरून येतो.

मराठी घरांत परकायाप्रवेश पोचला तो मात्र पोथीतून. धुंडिसुत मालू यांचा नवनाथ भक्तिसार शके १७४१ मध्ये, म्हणजे १८१९ साली पूर्ण झाला. त्याच्या चाळीस अध्यायांचे पारायण आजही ठाण्या-कळव्यापासून नेरुळ-बेलापूरपर्यंतच्या सदनिकांत श्रावणात होते. मच्छिंद्रनाथ त्रिविक्रम राजाच्या देहात शिरतात आणि त्यांचा देह राखण्याचे काम गोरक्षनाथांवर पडते, हा भाग ज्या मुलाने आजीच्या शेजारी बसून ऐकला त्याला नवल वाटायला परदेशी चित्रपट लागत नाही. १९९३ सालच्या ‘झपाटलेला’मध्ये मंत्राच्या जोरावर गुंडाचा आत्मा बाहुल्यात शिरला, तेव्हा प्रेक्षकांना काही समजावून सांगावे लागले नाही, तेही यामुळेच.

आता जनावराकडे वळू. भागवताच्या पाचव्या स्कंधात राजा भरत वनात एक पोरके पाडस वाढवतो, मरताना त्याचाच ध्यास घेतो आणि पुढच्या जन्मी हरिण होतो. पाळलेल्या जनावरावरची माया माणसाला त्या जनावराच्या देहात नेऊन सोडते, असे सांगणारी ही फार जुनी कथा होय. मात्र त्या पाडसाचे पुढे काय झाले, याची भागवताला फिकीर नाही.

ती फिकीर पैठणच्या रेड्याच्या आख्यायिकेत आहे, आणि माझ्या मते या सगळ्या इतिहासात मुलांच्या गोष्टीच्या सर्वांत जवळ जाते ती हीच. ज्ञानेश्वरांचा जन्म १२७५ सालचा. शुद्धिपत्रासाठी भावंडे पैठणला गेली तेव्हा ते वयाने मुलगाच होते. नावावरून टवाळी करताना कोणी तरी म्हणाले की समोरून येणाऱ्या या रेड्याचेही नाव ज्ञानाच आहे. दोघांत भेद नाही, असे उत्तर मिळाल्यावर रेड्याच्या पाठीवर आसूड ओढले गेले आणि वळ ज्ञानेश्वरांच्या पाठीवर उठले. मग त्यांनी रेड्याच्या मस्तकावर हात ठेवला आणि वेद रेड्याच्या मुखातून बाहेर पडले. एक मुलगा आणि एक जनावर, नाव एकच. जनावराची वेदना मुलाकडे आली आणि मुलाची वाणी जनावराकडे गेली. जुन्नर तालुक्यातील आळे येथे त्या रेड्याची समाधी दाखवतात. चमत्कार म्हणून ही कथा आपण इतक्यांदा ऐकली आहे की तिच्यात देवाणघेवाण दुहेरी आहे, हे चटकन ध्यानात येत नाही.

कुत्र्याच्या बाबतीत परंपरा अधिक अवघड आहे. मूल व्हावे म्हणून खंडोबाला नवस बोलायचा आणि झालेले मूल त्याला वाघ्या म्हणून वाहायचे, अशी चाल होती. वाघ्या हा देवाचा कुत्रा. कोटंब्यात, म्हणजे लाकडी भिक्षापात्रात, घातलेले खाणे आणि कुत्र्यासारखे भुंकणे हे त्याच्या आचाराचा भाग होते. पाळीव कुत्र्याचे नावही मराठीत सर्रास वाघ्याच. ठाणे आणि नवी मुंबईच्या आगरी-कोळी गावठाणांत खंडोबाची भक्ती आजही जागती आहे. मूल कुत्र्याच्या जागी जाऊन बसणे ही येथे कधी काळी जादू नव्हती, नवस होता, आणि मुलाला कोणी विचारलेले नव्हते.

पाश्चात्त्य धारा त्या मानाने तरुण आहे. एफ. ॲन्स्टी या टोपणनावाने लिहिणाऱ्या इंग्रज लेखकाच्या १८८२ च्या कादंबरीत बाप आणि शाळकरी मुलगा एका जादूच्या खड्याने एकमेकांच्या रूपात जातात. तो खडा भारतातून आणलेला आणि त्याचे नाव गरुडखडा! कुत्र्यापुरते पाहायचे तर ‘बाम्बी’चा लेखक फेलिक्स साल्टन याने १९२३ मध्ये एका तरुणाला कुत्रा करून फ्लॉरेन्सला धाडले, आणि त्या कादंबरीच्या सैल आधारावर डिस्नेने १९५९ मध्ये काढलेल्या चित्रपटात एक मुलगा जुन्या अंगठीवरचा लॅटिन मंत्र वाचून शेजाऱ्यांचा केसाळ कुत्रा होऊन बसतो. योग्याची साधना गेली, वस्तू आली. इच्छेने जाणारा गेला, चुकून अडकणारा आला. मुलाला नायक होता आले ते या बदलामुळे.

तरीही ही गोष्ट घोडबंदर रस्त्यावरच्या किंवा खारघरच्या मुलाला इतकी आपली का वाटते, याचे कारण घराच्या रचनेत आहे. वाड्यात, चाळीत, कोळीवाड्यात कुत्रा दाराबाहेरचा होता; कोणाचा म्हणून नव्हता, साऱ्या आळीचा होता. सदनिकेत तो आत आला. तेथे लॅच मुलाचाही हात पोचत नाही अशा उंचीवर असतो, जेवण दोघांनाही दिले तेव्हाच मिळते, आणि खाली जायचे तर मोठ्या माणसाची सवड लागते. सोसायटीला पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही आणि त्यांना लिफ्टमधून मज्जाव करता येत नाही, असे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटले. तरी लिफ्टमध्ये कुरकुर होतेच, आणि ती मुलांच्या खेळण्यावरही होते.

शिबिरातल्या गोष्टींत कुत्रा झालेल्या मुलाला पानेच्या पाने मिळतात. मुलगा झालेल्या कुत्र्याला जेमतेम दोन ओळी, त्याही शाळेतला डबा हुंगण्याच्या. परत येण्याची वेळ मात्र सगळ्यांची ठरलेली असते. देह राखायला येथे व्याडी नाही, गोरक्षही नाही, म्हणून आईची लोकल ठाण्याला पोचून तिची किल्ली दारात फिरायच्या आत ज्याने त्याने आपापल्या अंगात यावे लागते.