लाइक मोजतं कोण?

"रीलला एवढे लाइक पडायलेत, मंग गूगलवर आपण वर कामून येईना?" हा प्रश्न लातूरच्या क्लासवाल्यापासून पैठणच्या पैठणीवाल्यापर्यंत कुणीही विचारतो. विचारणाऱ्याचा हिशेब साधा असतो. हजारो लोकांना आवडलं म्हणजे माल चांगला, आणि चांगलं ते वर दाखवणं हेच तर गूगलचं काम. या हिशेबात खोट काढण्यासारखं काही नाही. अडचण एवढीच की गूगलच्या वहीत लाइकचा रकानाच नाही.

वहीत मग आहे तरी काय? त्यासाठी १९९६ च्या आसपास जावं लागतं. तोवरची सर्च इंजिनं मुख्यतः पानावरचे शब्द बघायची. ज्याने 'सीताफळ' शंभर वेळा लिहिलं, तो वर. स्वतःच्या तोंडाने स्वतःची तारीफ, आणि तीच ग्राह्य! स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी हे उलटं केलं. एखादं पान स्वतःबद्दल काय म्हणतं यापेक्षा इतर पानं त्याच्याकडे बोट दाखवतात का, हे त्यांनी मोजायला घेतलं. बोट म्हणजे लिंक. ज्या शोधनिबंधाचा उल्लेख इतर निबंधांत जास्त, तो महत्त्वाचा, ही विद्वानांच्या जगातली जुनी रीत होती. तीच त्यांनी वेबला लावली. १९९८ मध्ये त्यांचा निबंध आला आणि त्याच वर्षी गूगल कंपनीही उभी राहिली.

यात नुसती डोकी मोजलेली नाहीत, आणि इथेच खरी गंमत आहे. मोंढ्यात नव्या आडत्याकडे माल घालायचा की नाही हे ठरवताना शेतकरी रस्त्यावरच्या दहा जणांना विचारत नाही. ज्याच्या काट्यावर अख्ख्या गावाचा भरवसा आहे, त्या एकाचा शब्द तो घेतो. पण तोच माणूस येईल त्याला "लई चांगला" म्हणत सुटला, तर त्याच्या शब्दाचा भाव उतरतो. पेज आणि ब्रिन यांच्या या पद्धतीत, म्हणजे पेजरँकमध्ये, या दोन्ही गोष्टी गणितात बसवल्या आहेत.

एक छोटा हिशेब करून बघू. धारूरकडच्या, बालाघाटाच्या डोंगरातल्या एका शेतकरी गटाची सीताफळाच्या गराची वेबसाइट आहे असं समजा. (बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन आहे, त्यामुळे सांगण्यासारखं त्यांच्याकडे पुष्कळ असणार.) एका शेतीविषयक वृत्तपत्राच्या लेखाचं वजन १२ धरू. त्या लेखातून चार ठिकाणी लिंक गेल्या आहेत, त्यांतली एक या गटाच्या पानावर. म्हणजे वाट्याला आले १२ भागिले ४, म्हणजे ३. मूळ सूत्रात याला ०.८५ ने गुणतात, कारण वाचणारा दर वेळी लिंक दाबेलच असं नाही, कधी कंटाळून भलतीकडेच निघून जाईल, असं गृहीत धरलेलं आहे. उरले २.५५. आता तेवढ्याच वजनाची, पण दोनशे दुकानांची जंत्री देणारी एखादी डिरेक्टरी घ्या. तिच्याकडून मिळतात १२ भागिले २००, गुणिले ०.८५, म्हणजे ०.०५१. अशा पन्नास डिरेक्टऱ्यांत नाव घातलं तेव्हा कुठे त्या एका लेखाची बरोबरी होते. आजचं गूगल या सूत्राच्या फार पुढे गेलं आहे, शेकडो गोष्टी बघतं. पण लिंकचं वजन हा विचार अजून जिवंत आहे.

लाइक या गणितात बसवायला काय हरकत होती? गूगलने ते करून पाहिलं नाही असं नाही. डिसेंबर २००९ मध्ये त्यांनी ट्विटरवरच्या ताज्या पोस्टी निकालांत दाखवायला सुरुवात केली. डिसेंबर २०१० मध्ये गूगल आणि मायक्रोसॉफ्टचं सर्च इंजिन बिंग, दोघांनीही मान्य केलं की सोशल मीडियावर कोण काय शेअर करतं याचा थोडाफार विचार रँकिंगमध्ये, म्हणजे निकालांचा क्रम लावताना, होतो. झालं! 'सोशल सिग्नल' हा शब्द धंद्याच्या बाजारात आला तो तेव्हापासून, आणि आजही फॉलोअर विकणारे त्याच वाक्याच्या जिवावर दुकान चालवतात. पुढे काय झालं ते मात्र ते सांगत नाहीत. जुलै २०११ मध्ये ट्विटरबरोबरचा करार संपला. आणि जानेवारी २०१४ मध्ये गूगलचे त्या वेळचे जाहीर प्रवक्ते मानले जाणारे अभियंते मॅट कट्स यांनी एका व्हिडिओत स्पष्ट सांगितलं की फेसबुक आणि ट्विटरची पानं आम्हाला इतर कुठल्याही पानांसारखीच. फॉलोअर किती, लाइक किती, हे आम्ही रँकिंगसाठी बघत नाही.

त्यांनी दिलेली कारणं मला उत्तरापेक्षाही मोलाची वाटतात. एक म्हणजे एका प्रसंगी पानं वाचत फिरणाऱ्या गूगलच्या यंत्राला अशा साइटवर सुमारे दीड महिना आत येऊ दिलं नव्हतं. दुसऱ्याच्या कंपनीने मनात आलं की दार लावून घ्यावं, अशा पायावर आपलं रँकिंग कोण उभं करेल? दुसरं कारण माणसांचं. नाती बदलतात, कुणी कुणाला ब्लॉक करतं, कुणी पोस्ट काढून टाकतं. गूगलचं यंत्र मधूनअधून फेरी मारतं, त्याच्याकडे राहतो तो त्या क्षणाचा फोटो. शिळ्या फोटोवरून माणसाबद्दल काही ठरवणं धोक्याचं. आपल्याकडचं तिसरं कारण मी जोडतो: मराठवाड्यातली निम्मी शिफारस तर व्हॉट्सॲपच्या गटांत होते, आणि तिथले निरोप कुलूपबंद असतात. गूगलला ते वाचताच येत नाहीत. गावच्या तीन गटांत तुमची जाहिरात फिरली, तरी शोधयंत्राच्या लेखी पानही हललेलं नसतं.

"पण फेसबुकवर आम्ही आमच्या वेबसाइटची लिंक टाकतो की!" टाकता, पण तिच्यावर एक शिक्का बसतो. संगणकावर पानाचा मूळ कोड उघडून पाहिलात तर अशा लिंकला चिकटून बहुतेक वेळा 'नोफॉलो' हा शब्द सापडतो. अर्थ असा की ही लिंक आमच्याकडच्या कुणीतरी टाकलेली आहे, तिची हमी आम्ही घेत नाही. जानेवारी २००५ मध्ये गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून ही खूण आणली, कारण लोक जिथेतिथे आपल्या लिंका चिकटवून पानांचा उकिरडा करत होते. २०१९ पासून गूगल या खुणेला आज्ञा न मानता इशारा मानतं, म्हणजे वाटलं तर विचारात घेऊ शकतं. इन्स्टाग्रामची तर आणखी तऱ्हा: पोस्टखालच्या मजकुरात पत्ता लिहिला तर तो दाबताच येत नाही.

मग लाइकवाली पानं पुष्कळदा वर दिसतात त्याचं काय? दिसतात खरी. २०१३ मध्ये मोझ या अमेरिकी कंपनीने आकडे मांडले होते की गूगल प्लसवर ज्या पानांना जास्त पसंती, ती निकालांतही वर असतात. गूगल प्लस हे गूगलचंच घरचं नेटवर्क, त्यामुळे सगळ्यांना वाटलं, चोर सापडला. कट्स यांनी लगेच उत्तर दिलं: मजकूर दमदार असेल तर त्याला लाइकही मिळतात आणि लिंकाही. दोन्ही सोबत वाढतात म्हणून एकामुळे दुसरं होतं असं नव्हे. सीताफळाने 'डोळे उघडले', म्हणजे ते तयार झालं, हे कसं ओळखायचं, गर काळा न पडता कसा काढायचा, हे कुणी नीट लिहिलं तर लोक ते पसंतही करतील आणि त्याचा हवालाही देतील. (ते गूगल प्लस एप्रिल २०१९ मध्ये सामान्य वापरकर्त्यांसाठी बंदच झालं. पसंतीच्या बटणावर रँकिंग बांधलं असतं तर काय झालं असतं, याचा विचार करा.)

यंत्र लाइकला बधत नसेल, पण माणूस बधतो, आणि याचा पुरावा भक्कम आहे. २००६ मध्ये सायन्स या नियतकालिकात मॅथ्यू साल्गानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांचा एक प्रयोग छापून आला. अनोळखी बँडांची ४८ गाणी, १४ हजारांहून अधिक श्रोते. काहींना नुसती गाणी दिली. बाकीच्यांना आठ वेगळ्या गटांत वाटलं आणि आपल्या गटात कुठलं गाणं किती जणांनी उतरवून घेतलं तो आकडाही दाखवला. आकडा दिसला की पुढचं गाणं आणखी पुढे, मागचं आणखी मागे. शिवाय आठही गटांत अव्वल गाणं एकच असेल असंही नव्हतं. फार वाईट गाणी सहसा वर आली नाहीत, फार चांगली सहसा तळाला गेली नाहीत, पण मधल्यांचं नशीब सुरुवातीच्या थोड्या लोकांच्या पसंतीवर ठरलं.

लाइकचा आडमार्ग इथून निघतो. रील पाहून लोकांना गटाचं नाव लक्षात राहतं. दिवाळीच्या तोंडावर कुणी पुण्याहून 'धारूर सीताफळ गर' असं गूगलवर टाकतो आणि निकालांतून तुमचंच पान उघडतो. हे उघडणं मोजलं जातं का? गूगल वर्षानुवर्षं याबद्दल हातचं राखून बोलत आलं. पण २०२३ मध्ये अमेरिकी सरकारने गूगलवर भरलेल्या मक्तेदारीच्या खटल्यात, वॉशिंग्टनच्या कोर्टात, गूगलचे वरिष्ठ अधिकारी पांडू नायक यांनी साक्ष देताना 'नॅवबूस्ट' या यंत्रणेची माहिती दिली. मागच्या १३ महिन्यांत लोकांनी कुठल्या निकालावर क्लिक केलं, याची नोंद ती वापरते. म्हणजे लाइक मोजला जात नाही, पण लाइकमुळे तुमच्याकडे वळलेल्या माणसाची पावलं उमटतात. एखादा पत्रकार रील बघून लेख लिहितो आणि लिंक देतो, तेव्हा आपला वरचा २.५५ चा हिशेबही सुरू होतो. माझ्या मते रीलवर कष्ट घेण्याचं खरं कारण हे आहे. हजार रुपयांत विकत घेतलेले फॉलोअर मात्र ना तुमचं नाव शोधतात ना लेख लिहितात. लिंका विकत घेणाऱ्यांचीही गत फार बरी नाही. गूगलने एप्रिल २०१२ मध्ये क्रम लावण्याच्या पद्धतीत केलेल्या 'पेंग्विन' बदलाने अशी कितीतरी पानं एका फटक्यात खाली गेली.

बिंगची भूमिका गूगलपेक्षा जरा मोकळी राहिली आहे. त्याने वेबसाइट चालवणाऱ्यांसाठीच्या आपल्या जुन्या सूचनांत सोशल मीडियाचा रँकिंगशी संबंध मान्य केला होता. पण आपल्याकडे बिंग वापरतं कोण?

एका ठिकाणी मात्र लोकांची पसंती गूगल उघडपणे मोजतं: स्वतःच्या नकाशावर. 'माझ्या जवळ खवा', 'औसा रोडला क्लास' असं शोधलं की नकाशासोबत जी दोनचार नावं येतात, त्यांचा क्रम गूगल तीन गोष्टींवर ठरवतं: शोधाशी जुळणं, अंतर आणि नावलौकिक. नावलौकिकात रिव्ह्यूंची संख्या आणि तारे धरले जातात, हे गूगलने स्वतः लिहून ठेवलं आहे. तेव्हा दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला "आमचं पेज लाइक करा" म्हणण्यापेक्षा "गूगलवर दोन ओळी लिहा की भाऊ" म्हणणं जास्त फायद्याचं. मराठीत लिहिल्या तरी चालतात. आणि त्या दोन ओळींत 'गर घट्ट होता, बिया नव्हत्या' असं काही असलं, तर तसंच शोधणाऱ्या पुढच्या माणसाला त्या नकाशावरच सापडतील.